नव्वदच्या आत

रोज सकाळी वीज कचेरीत हजेरी लावण्याआधी बुरुल नुसुपच्या लोकरीच्या आवारात शिरायची. दाराशी गासड्या रचलेल्या असायच्या, त्यांचा ओलसर तेलकट वास नाकात भरायचा. भिंतीला टेकून ती आधी डाव्या पायातला बूट काढायची, मग थोडा दम खाऊन उजव्या पायातला. कोट खुंटीवर, कोटावर शाल, शालीवर डोक्याचा रुमाल. शेवटी कानातली चांदीची लोलकं काढून ती कोटाच्या खिशात टाकायची आणि नुसत्या मोज्यांनिशी काट्याच्या थंडगार लोखंडी फळीवर उभी राहायची. नुसुप दांडीवरचं वजन बोटानं सरकवत न्यायचा. दांडी डुलायची, थरथरायची, आणि थांबली की तो आवारभर ऐकू जाईल अशा आवाजात पुकारायचा.

"एकशे तीन, वर अर्धा!"

"हळू बोल रे. मी काय गासडी आहे?"

"गासडी असतात तर आजच उचलली असती, एजे. इतकी भरगच्च लोकर हल्ली बघायला मिळत नाही."

एजे म्हणजे मोठी बहीण. अर्ध्या अत-बाशी गावाची ती एजे होती, आणि नुसुप तर तिच्या धाकट्या भावाच्या वर्गातला. त्यामुळे त्याला शिव्या घालायचा तिला हक्क होता आणि तिची चेष्टा करायचा त्याला. "ती लोलकं काढून किती फरक पडतो, एजे?" तो विचारायचा. "पडेल तेवढा पडेल. ते वजन त्यांचं आहे, माझ्या नावावर कशाला?" असं म्हणून ती मीटरच्या नोंदवहीच्या शेवटच्या पानावर आकडा लिहायची, बूट चढवायची आणि लंगडत रस्त्याला लागायची.

बुरुल त्रेपन्न वर्षांची होती आणि सव्वीस वर्षं घरोघर फिरून विजेचे मीटर वाचत होती. गावातला एकही कुत्रा तिच्यावर भुंकत नसे. पण गेल्या तीन-चार वर्षांत उजवा गुडघा असा झाला होता की आतमध्ये कुणी दगडावर दगड घासतंय असं वाटावं. अंगणाच्या दोन पायऱ्या चढायच्या तर ती आधी त्यांच्याकडे बघत उभी राहायची. जमिनीवर मांडी घालून बसणं केव्हाच सुटलं होतं. पंगतीला सगळे दस्तरखानाभोवती बसलेले असताना ती एकटी भिंतीपाशी स्टुलावर, शाळेतल्या मास्तरणीसारखी.

मागच्या सप्टेंबरात ती राजधानीतल्या मोठ्या रुग्णालयात गेली. हाडांच्या डॉक्टरीण गालिना विक्तोरोव्ना साठीच्या, काटक, बोलायला सरळसोट. त्यांनी एक्स-रे उजेडाकडे धरला आणि म्हणाल्या, "हा गुडघा गेला. नवा बसवू. सरकारी यादीत नाव घालते. चढा काट्यावर."

काट्यानं एकशे अठरा दाखवले.

"नव्वदच्या आत या, मग बसवू."

"नव्वद? डॉक्टरीणबाई, लग्नात मी अठ्ठ्याहत्तर होते."

"मग रस्ता ओळखीचाच आहे की."

निवड मंडळ वर्षातून दोनदा बसायचं, मे महिन्यात आणि ऑक्टोबरात. दोन्ही वेळा वजन जास्त भरलं तर नाव यादीच्या तळाशी जाणार होतं, आणि तळापासून वर यायला चार वर्षं लागतात असं रांगेतल्या बायकांनी तिला सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी एक कागद दिला. नान बंद, साय बंद, चरबी बंद, साखर बंद. कोबी, काकडी, उकडलेलं अंडं, कुट्टूची पेज. शिवाय व्यायाम.

"चालायचं नाही, गुडघा झिजेल. पोहायला जा."

"अत-बाशीत?"

"तलाव नाही?"

"आहे. घोडे पाणी पितात त्यात."

शेवटी व्यायाम ठरला तो घरातला. गादीवर उताणं पडायचं, घोट्याला मिठाची पुरचुंडी बांधायची आणि पाय वर-खाली करायचा. पहिल्या रात्री नवरा तुर्दाकुन दारातून बघत राहिला आणि म्हणाला, "बायबिचे, मेंढी व्यायला आली की असेच पाय झाडते." घरच्या मोठ्या मालकिणीला म्हणायचा तो मानाचा शब्द तो नेमका अशाच वेळी वापरायचा. तिनं मिठाची पुरचुंडी सोडून त्याच्या अंगावर फेकली.

भूक सोसता येते. बुरुलला ते पहिल्या महिन्यातच कळलं. सोसवत नव्हती ती दारं. कारण दारात आलेला माणूस नानला तोंड लावल्याशिवाय परत जात नाही. तो घाईत असो, आजारी असो, की नुसता मीटर बघायला आलेला असो. घरधनीण नानची थाळी घेऊन उंबऱ्याशी येते, माणूस तुकडा मोडतो, सायीत बुडवतो, तोंडात टाकतो, मग जातो. न खाता गेलेल्या माणसामागं घराची बरकत जाते. आणि बुरुलच्या वाट्याला दिवसाला चाळीस दारं होती.

"अगं, एक तुकडा."

"डॉक्टरीणबाईंनी नाही म्हटलंय."

"मी कुठं खा म्हणतेय? तोंड लाव म्हणतेय."

चाळीस दारांचे चाळीस तुकडे म्हणजे दोन नान आणि वाटीभर साय. हे गणित तिनं सासूला सांगितलं, नवऱ्याला सांगितलं, कचेरीतल्या साहेबाला सांगितलं. सगळ्यांनी मान डोलावली आणि सगळे म्हणाले, पण एक तुकडा काय करतो?

मग तिनं युक्ती काढली. तुकडा मोडायचा, ओठांना लावायचा, "बरकत असो" म्हणायचं आणि वळता वळता कोटाच्या खिशात सोडायचा. संध्याकाळी खिसे फुगून यायचे. नान फेकता तर येत नाही, जमिनीवर टाकता येत नाही. म्हणून ती ते सगळे तुकडे काळ्या गाईपुढं ठेवायची. वसंतापर्यंत गाईच्या पाठीवर पाणी ठरेल इतकी ती भरली.

"घरातली एक वाळतेय, एक भरतेय," तुर्दाकुन म्हणायचा. "एकूण वजन तेवढंच आहे."

फेब्रुवारीत वरच्या गल्लीतल्या जिपार अपानं तिला पकडलं. अपा म्हणजे आई, थोर बायकांना म्हणायचं; ही ऐंशीची, एका डोळ्यात मोतीबिंदू, पण दुसरा घारीचा. बुरुल मीटर बघून फाटकाकडे वळली तशी अपानं हाक मारली.

"खिसा दाखव."

"अपा..."

"दाखव म्हणते ना."

बुरुलनं खिसा उलटा केला. सत्तावीस तुकडे निघाले. कुणाचं लोणी लागलेलं, कुणाचा मुरंबा. वरचा तुकडा अपाचा होता, अजून कोमट.

"सव्वीस वर्षं माझ्या दारात येतेस," अपा म्हणाली. "माझा नवरा गेला तेव्हा तीन दिवस माझ्या चुलीशी तूच होतीस. आणि आता माझ्या हातचा नान खिशात घालतेस? मी आंधळी आहे म्हणून?"

"माझा गुडघा, अपा..."

"गुडघ्यानं खातेस काय?"

बुरुलनं तिथंच उभं राहून तो तुकडा खाल्ला. अपा बघत राहिली, घास गिळेपर्यंत. मग आत जाऊन तिनं आणखी एक आणला, मोठा, वर सायीचा थर.

तरीही आकडे उतरत होते. सप्टेंबरात राजधानीहून परतल्यावर नुसुपच्या काट्यानं पहिल्याच दिवशी एकशे नऊ दाखवले होते. रुग्णालयात एकशे अठरा आणि इथं एकशे नऊ! तिथं आपण कोटा-बुटांसकट उभ्या होतो, वर प्रवासात पोटभर जेवलो होतो, अशी तिनं मनाची समजूत घातली. मग शंभर, मग शहाण्णव. एप्रिलात लग्नातली अंगठी बोटातून आपोआप गळली आणि कणकेत सापडली. कोट एवढा सैल झाला की पट्टा बांधला तर पाठीवर दुहेरी घडी पडायची. आरशात गालाखाली एक हाड दिसायला लागलं होतं. ते तिचंच होतं, फक्त तिनं ते पंचवीस वर्षं पाहिलं नव्हतं, आणि ती केस विंचरताना त्याच्यावरून हळूच बोट फिरवायची.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात नुसुपनं पुकारलं, "साडेएकोणनव्वद!" आवारातल्या दोन मेंढपाळांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे ती आणि तुर्दाकुन मिनीबसनं निघाले. दोलोनच्या घाटात अजून बर्फ होतं. सात तासांच्या प्रवासात तिनं एक अंडं आणि अर्धी काकडी खाल्ली.

रुग्णालयाच्या बोळात काठ्या टेकलेल्या बायकांची रांग होती. नर्स तरुण होती, दमलेली.

"सत्त्याण्णव," ती म्हणाली.

"पुन्हा बघा."

"सत्त्याण्णव आणि दोनशे ग्रॅम."

"तुमचा काटा बिघडलाय."

"बाई, सकाळपासून तीस जणी चढून गेल्या. तुमच्यापुरताच बिघडला का?"

बुरुल खाली उतरली. तिनं लोलकं काढली, जाकीट काढलं, पुन्हा चढली. शहाण्णव आणि नऊशे.

"काल मी साडेएकोणनव्वद होते! नुसुपच्या काट्यावर. रोज तिथंच करते मी वजन, आठ महिने."

"नुसुप म्हणजे तुमच्याकडचे डॉक्टर?"

भिंतीशी उभा असलेला तुर्दाकुन टोपी हातात फिरवत होता. तो खालच्या आवाजात म्हणाला, "नुसुप लोकर विकत घेतो."

नर्सला त्यातलं काही कळलं नाही. बुरुलला सगळं कळलं. लोकर विकत घेणाऱ्याचा काटा कधी पुरं वजन दाखवतो? दर वसंतात मेंढ्या कातरून झाल्या की ती स्वतः नुसुपच्या आवारात उभी राहून भांडायची. तुझा काटा माझी लोकर खातो, देवाला तोंड कसं दाखवशील, वगैरे. गेल्या वर्षी तर तिनं त्याच्या दांडीला लाथ मारली होती. आणि त्याच काट्यावर ती आठ महिने रोज सकाळी मोज्यांनिशी चढत होती, आणि तो लोकरीसारखंच तिचंही वजन खात होता, शंभरामागं आठ किलो. दवाखान्यातले एकशे अठरा तिनं कोटा-बुटांच्या माथी मारले होते. काटा आपल्याला हवं ते बोलत असला की त्याची झडती कोण घेतं?

मंडळानं कागदावर 'ऑक्टोबर' असं लिहून दिलं. परतीच्या मिनीबसमध्ये तुर्दाकुननं एकदा काकडी पुढं केली, ती तिनं खिडकीबाहेर भिरकावली.

दुसऱ्या दिवशी आवारात तिनं कोट काढला नाही.

"आठ किलो खाल्लेस माझे!"

"खाल्ले कुठं, एजे?" नुसुप म्हणाला. "उतरवले. राजधानीत त्यासाठी बायका पैसे मोजतात."

मेंढपाळ हसले. ती हसली नाही, तसा तोही थांबला. त्यानं काट्यावरची लोकरीची पिंजण फुंकून उडवली.

"खरं सांगू? मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे. सगळ्या गावाला ठाऊक आहे. मला वाटलं, मनाला बरं वाटावं म्हणून येताय."

हे तिला आठ किलोंपेक्षा जास्त लागलं. रोज सकाळी तो पुकारा करत होता तेव्हा त्याला तिची कीव येत होती, हे तिला आता कळत होतं. ती बाहेर पडली आणि त्या दिवशी तिनं अकरा मीटर चुकीचे वाचले.

रस्ता तुर्दाकुननंच सुचवला. "पीठवालीकडे जा," तो म्हणाला. "बेगायिमकडे. ती विकते. तिचा काटा उलटा खातो."

ते शहाणपणाचं होतं. विकणारीच्या काट्यावर जर नव्वदच्या आत आलो, तर जगातल्या कुठल्याही काट्यावर येऊ. बुरुल बेगायिमच्या दुकानात गेली, पिठाची पोती बाजूला सारून चढली. एकशे चार.

"अगं बाई," बेगायिम म्हणाली, "तू तर बारीक झालीस म्हणत होते लोक."

एकशे चार! एका आठवड्यात साडेएकोणनव्वदचे एकशे चार झाले होते आणि तिनं त्या आठवड्यात कोबीखेरीज काही खाल्लं नव्हतं. रात्री तिनं घोट्याला मिठाच्या दोन पुरचुंड्या बांधल्या.

जूनमध्ये बर्फ वितळून घरामागचा पाट भरून वाहू लागला. एकदा पाटात पडलेली बादली काढायला ती कमरेभर पाण्यात उतरली आणि तिच्या लक्षात आलं की गुडघा दुखत नाहीये. पाणी इतकं थंड होतं की श्वास अडकत होता, पण ते तिचा भार उचलत होतं. तेव्हापासून रोज संध्याकाळी जुना झगा घालून ती पाटात उतरायची आणि प्रवाहाच्या उलट दिशेनं चालायची, पुलापर्यंत. मग पाण्याबरोबर परत, मग पुन्हा पुलापर्यंत. पुलावर माणसं थांबायची.

"एजे, काय हरवलं?"

"अब्रू!"

"सापडली की सांगा."

ओठ निळे व्हायचे, दात वाजायचे. पण पाण्यात असताना ती तिशीतल्या बाईसारखी चालायची, आणि त्या अर्ध्या तासासाठी ती दिवसभर थांबलेली असायची.

जुलैत गावानं ठरवून टाकलं की बुरुलला छातीचा रोग झालाय. वाळलेली बाई गार पाण्यात उतरते म्हणजे आतून आग होत असणार. मग बायका यायला लागल्या. कुणी डोंगरातल्या मोठ्या घुशीची पिवळी चरबी बाटलीत घालून आणली, कुणी घोडीचं ताजं दूध, कुणी दुंबा मेंढ्याची चरबीनं भरलेली शेपटी. येणारी प्रत्येक जण दबक्या आवाजात बोलायची, दस्तरखानाशी बसायची, आणि अर्थातच बुरुलला समोर बसवून नानला तोंड लावायला लावायची.

"मला काही झालेलं नाही," बुरुल सांगायची.

"सगळे तसंच म्हणतात," बायका सासूकडे बघून सुस्कारा टाकायच्या.

सासू ब्याऐंशीची होती, पाठीतून वाकलेली, पण स्वयंपाकघराची सत्ता अजून तिचीच. बुरुल दिवसभर फिरतीवर असायची म्हणून कोबीचं सूप सासूच करायची. डॉक्टरीणबाईंचा कागद तिनं चुलीवरच्या खिळ्याला टोचून ठेवला होता, जरी तिला वाचता येत नव्हतं. एकदा फक्त ती म्हणाली, "बाळा, बाजारात बायका म्हणतात, म्हातारी सुनेला उपाशी मारते."

"म्हणू द्या, अपा."

"तुला सोपं आहे म्हणणं."

जुलै संपता संपता काटा अडला. बेगायिमकडे शहाण्णव. दुसऱ्या आठवड्यात शहाण्णव. तिसऱ्यात शहाण्णव आणि वर पाव. बुरुलनं अंड्यातला पिवळा भाग सोडला, कुट्टूची पेज अर्धी केली, पाटात तीनाऐवजी पाच फेऱ्या घातल्या. घेरी येऊन एकदा ती कुणाच्या तरी अंगणात खांबाला धरून उभी राहिली, आणि घरातून तीन बायका नान घेऊन धावल्या. पाचव्या आठवड्यातही शहाण्णवच. ती बेगायिमवर ओरडली. तुर्दाकुनवर ओरडली. गाईला लाथ मारायला गेली आणि गुडघ्यानंच तिला खाली बसवलं.

ऑगस्टच्या शेवटी एका संध्याकाळी वरच्या गल्लीतली तार तुटली, कचेरीतले सगळे तिकडे गेले. बुरुल परतली तेव्हा इतकी थकली होती की न जेवताच झोपली. तिच्या वाट्याचं सूप वाडग्यात, थंड कोठीत राहिलं. सकाळी तिनं झाकण काढलं तर वर पांढरा थर. बोटभर जाड, गुळगुळीत, पाटावर पहिलं बर्फ धरतं तसा. तिनं चमचा मारला, तो टक्क वाजला.

वाडगा घेऊन ती सासूपुढं जाऊन उभी राहिली.

"अपा, हे काय?"

"कोबी."

"कोबी गोठत नाही, अपा."

सासू कणीक मळत होती. तिचे हात थांबले नाहीत. "थोडीशी शेपटीची चरबी. रोज एक डाव. वास येऊ नये म्हणून कांदा घालते."

"किती दिवस?"

"त्या बायका आल्या तेव्हापासून."

बुरुलच्या तोंडून काय काय निघालं ते शेजारी तीन घरं ऐकू गेलं. पाच आठवडे! गार पाण्यात पाच आठवडे, घेरी, अर्धी पेज, आणि इकडे रोज एक डाव! सव्वीस वर्षांत ती सासूवर कधी आवाज चढवून बोलली नव्हती. नवऱ्याकडच्या थोरांचं नावसुद्धा ती तोंडानं घेत नसे. आता ती थांबली तेव्हा तिला स्वतःचीच धाप ऐकू येत होती, आणि सासू पिठाचे हात मांडीवर ठेवून बसली होती.

"माझी सायकाल," सासू म्हणाली.

सायकाल म्हणजे तुर्दाकुनची थोरली बहीण. बुरुल या घरात येण्याआधीच ती एकोणिसाव्या वर्षी गेली होती. घरात तिचं नाव निघत नसे.

"आधी तिच्या गालाखालचं हाड दिसायला लागलं. मग अंगठी गळाली. तीही म्हणायची, मला काही झालेलं नाही, अपा. मी तिला पोटभर घातलं नाही, कारण ती नको म्हणायची आणि मी ऐकायची." तिनं बोटांवरचं पीठ चोळलं. "तुझं मी ऐकणार नव्हते."

"मी मरत नाहीये, अपा. मी गुडघा बदलतेय."

"गुडघा कुणी बदलतं? देवानं दिलेला?"

राग तसाच होता. तो जायला आता जागाच उरली नव्हती, आणि ते रागापेक्षाही वाईट होतं. बुरुलनं वाडगा गाईपुढं नेऊन ओतला. गाईनं हुंगून तोंड फिरवलं.

चार दिवस तिनं आपला कोबी आपण शिजवला. एका घरात दोन भांडी चढली ही गोष्ट बाजारात कोबी शिजायच्या आधी पोचली. पाचव्या दिवशी जिपार अपा सासूला भेटायला आली, शालीआड घुशीच्या चरबीची आणखी एक बाटली घेऊन. बुरुल शेजारच्या खोलीत पाय वर-खाली करत होती. तिला सासूचा आवाज ऐकू आला.

"ती परत घेऊन जा. रोग नाही, गुडघा आहे. तिला पीठवालीच्या काट्यावर नव्वदच्या आत यायचंय."

"पीठवालीच्याच का?"

"ते मला ठाऊक नाही. पण यायचंय. आणि तुझ्या दारात आली की नखाएवढा तुकडा मोडत जा. नखाएवढा, ऐकलंस? नानला तोंड लावायला हत्तीचा घास लागत नाही."

"तुझी सून मला फसवते खिशात घालून."

"मग तू छोटा मोडलास तर नाही घालणार."

बुरुल आडवी पडून छताकडे बघत राहिली. दुसऱ्या दिवशीपासून तिचं सूप पुन्हा सासू करू लागली. बुरुल रोज वाडगा रात्रभर कोठीत ठेवून सकाळी तपासायची आणि मगच खायची.

ऑक्टोबरात मंडळापुढं काट्यानं त्र्याऐंशी दाखवले. नर्स तीच होती. "नुसुपकडे किती भरतं?" तिनं विचारलं, आणि बुरुलला पहिल्यांदा हसू आलं. गालिना विक्तोरोव्नांनी कागदावर शिक्का मारला, गुडघा दाबून पाहिला, मग चष्मा काढला.

"एक अडचण आहे. या वर्षीचे गुडघे संपले."

"संपले?"

"आलेले सगळे बसवून झाले. पुढचे मार्चमध्ये येतील. तुमचं नाव पहिलं आहे. फक्त हेच वजन ठेवून या. नव्वदच्या वर गेलात तर नियम सगळ्यांना सारखा."

"डॉक्टरीणबाई, मध्ये हिवाळा आहे!"

"तो दर वर्षी असतो."

रुग्णालयाच्या पायऱ्यांवर ती बराच वेळ बसली. गुडघे संपले. पिठाची पोती संपतात तसे! तुर्दाकुन शेजारी उभा राहून सूर्यफुलाच्या बिया सोलत होता, आणि तिला त्या सालींचा आवाजसुद्धा सहन होत नव्हता.

डिसेंबरात गावात हिवाळ्याचे घोडे कापले गेले. घरोघर सॉसेज, चरबीच्या पट्ट्या, रस्सा, आणि आज यांच्याकडे जेवण, उद्या त्यांच्याकडे. न जाणं शक्य नव्हतं. बुरुल स्टुलावर पाय लांब करून बसायची, वाटणीत आलेलं मांस पिशवीत घालून घरी आणायची आणि रात्री कोबी चावायची. तिच्या स्वभावाला धार आली होती. कुणी "किती सुंदर दिसतेस" म्हटलं तरी ती अंगावर जायची. पाट गोठला होता, उतरता येत नव्हतं; बर्फातून चाळीस दारं तेवढी होती. जानेवारीत एकदा तिनं सासूला विचारलं, "हे सगळं करून नवा गुडघाही दुखला तर?" सासू म्हणाली, "मग आपण दोघी मिळून त्या बाईकडे जाऊ." फेब्रुवारीत ती बेगायिमकडे चौऱ्याण्णववर गेली, रडली, आणि पुन्हा कुट्टूची पेज अर्धी केली.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात ती एकटीच राजधानीला गेली, कारण मेंढ्या व्यायचे दिवस होते आणि घरी माणूस हवा होता. वजन चौऱ्याऐंशी भरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ढकलगाडी खोलीत आणेपर्यंत ती फोन हातात धरून बसली होती. पायावर शाईनं मोठी खूण केलेली होती, चुकून डावा कापू नये म्हणून. तुर्दाकुनचा आवाज वाऱ्यातून तुटत तुटत येत होता. तो म्हणत होता, दुपारची गाडी धरतो, संध्याकाळपर्यंत पोचतो, शुद्धीवर येशील तेव्हा मी समोर असेन.

"करडी मेंढी व्यायली का?" तिनं विचारलं.

अजून नाही, तो म्हणाला, पण सकाळपासून अस्वस्थ आहे.

नर्सनं फोनसाठी हात पुढं केला. बुरुलनं तिला बोटानं थांब म्हटलं.

"मग तिचं होईपर्यंत हलू नका तिथून. मागच्या वेळी कोकरू आडवं आलं होतं तिचं. मी काय, इथून कुठं पळून जातेय?"